टोकणारा कॉम्प्युटर : औषधांच्या ऑर्डर सिस्टीममध्ये अलर्ट बसवायचे तर सुरुवात कुठून करायची

मी मूळची फार्मासिस्ट. नाशिकात मुंबई नाक्याच्या बाजूला शंभरेक बेडच्या एका हॉस्पिटलात लागले आणि "तुला कॉम्प्युटर जमतो ना" एवढ्याच क्वालिफिकेशनवर ऑर्डर सिस्टीमच्या कामाला जुंपले गेले. व्हेंडरने, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने, डेमो दाखवला तेव्हा सगळे खूश, स्क्रीनवर लाल-पिवळे पॉपअप फटाफट उघडत होते, ट्रस्टी म्हणाले वा. पंधरा दिवसांनी रात्री वॉर्डात जाऊन बघते तर आरएमओ, म्हणजे वॉर्डातला ड्युटी डॉक्टर, स्क्रीनकडे न बघता एंटर, एंटर, एंटर. विचारलं तर म्हणाला, मॅडम, चार वेळा एंटर दाबलं की ऑर्डर जाते. म्हणजे त्याच्या लेखी तो अलर्ट नव्हताच, ऑर्डर पाठवायची रीतच ती होती.

हे सगळं नव्याने कोणाच्या गळ्यात पडलं असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय. सोप्या भाषेत सांगायचं तर केस पेपरवर औषध लिहिण्याऐवजी डॉक्टर ते कॉम्प्युटरवर टाकतो, आणि टाकताना सिस्टीम त्याला मदत करते: डोस सुचवते, ऍलर्जी आहे म्हणून अडवते, किडनीचा रिपोर्ट समोर आणून ठेवते. या मदतीला डिसिजन सपोर्ट म्हणायचं. नीट बसवलं तर फरक पडतो हे खरंय, बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला १९९८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, तिथे वेळेत न पकडल्या गेलेल्या गंभीर औषध-चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. पण ऊठसूट टोकणाऱ्या माणसाचं जसं घरात कोणी ऐकत नाही तसंच कॉम्प्युटरचं होतं. २००६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा डॉक्टर ४९ ते ९६ टक्के औषध-अलर्ट बाजूला सारून पुढे जातात असं दिसलं. आमच्या आरएमओला उगाच शिव्या घातल्या मी.

आधी दोन दिवस नुसतं वॉर्डात बसा

लॅपटॉप उघडू नका, व्हेंडरला फोन करू नका. सकाळच्या राउंडला मागे उभं राहा आणि ऑर्डर खरंच कोण टाकतं ते बघा. आमच्याकडे चित्र असं होतं की कन्सल्टंट सर चालता चालता बोलणार, सिस्टर वहीत उतरवणार, आणि दुपारी दोनला ओपीडीचा गोंधळ संपल्यावर आरएमओ त्या वहीतून कॉम्प्युटरवर चढवणार, तोपर्यंत पहिला डोस जाऊनही झालेला. आता अशा वेळी "हे औषध देऊ नका" असा अलर्ट आला तर तो येतो कोणाला? ज्याला ते औषध बदलायचा अधिकार नाही त्याला, आणि तोही औषध देऊन झाल्यावर. तो बिचारा एंटर दाबणार नाही तर काय करणार, सरांना ऑपरेशन थिएटरमधून बाहेर बोलवणार?

या क्षेत्रात पाच योग्य गोष्टी सांगतात, योग्य माहिती, योग्य माणसाला, योग्य रूपात, योग्य माध्यमातून, योग्य वेळी. परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देण्यासारखं वाटतं पण वॉर्डात बसलं की पाचही कुठे कुठे मोडतात ते एका सकाळीत दिसतं. आम्ही शेवटी राउंडला ट्रॉलीवर लॅपटॉप न्यायला लागलो, आरएमओ सरांच्या शेजारी उभा राहून तिथेच टाकतो, अलर्ट आला की मोठ्याने वाचतो. सॉफ्टवेअरमध्ये एक ओळही न बदलता निम्मं काम झालं.

मग औषधांची यादी, आणि हे खरं हमालीचं काम आहे

कोणाला आवडत नाही, कोणी त्याचे फोटो काढून टाकत नाही, पण इथे कच्चं राहिलं तर वरचं सगळं फुकट. आपल्याकडे औषध ब्रँडने लिहितात आणि हॉस्पिटलची यादी असते ती स्टोअरने खरेदीसाठी बनवलेली. तीच उचलून डॉक्टरसमोर ठेवली जाते. तिच्यात एकट्या पॅरासिटामॉलच्या तीसेक नोंदी निघतात, क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, दहाची स्ट्रिप, पंधराची स्ट्रिप, स्पेलिंग चुकलेली एक, बंद झालेली दोन. सिस्टीमला काय माहीत की डोलो आणि क्रोसिन एकच? आणि कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉलही आहे हे तर कित्येकदा माणसाच्याही लक्षात राहत नाही. पेशंटला डोलो ६५० चालू, वरून कंबर दुखते म्हणून कॉम्बिफ्लॅम, झाला डबल डोस, आणि यादीत घटक भरलेले नसतील तर कॉम्प्युटर गप्प.

म्हणून प्रत्येक नोंदीला या चार गोष्टी भराच: घटक कोणते, प्रत्येकाची ताकद किती, रूप कोणतं, कुठल्या मार्गाने द्यायचं. ऍलर्जीची तपासणी घटकावर लागली पाहिजे, ब्रँडच्या नावावर नाही, नाहीतर पेनिसिलिनची ऍलर्जी असलेल्याला ऑगमेंटिन आरामात जातं, ते पेनिसिलिनच्याच कुळातलं पण नावात कुठेच पेनिसिलिन नाही. कोड स्वतःचे बनवत बसू नका, पुण्याच्या सी-डॅकमध्ये एनआरसीईएस म्हणून आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांनी भारतातल्या औषधांचे कॉमन ड्रग कोड काढलेत, शिवाय स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय शब्दांची आंतरराष्ट्रीय कोड-यादी, भारतात वापरायला फुकट आहे. पुढे आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य नोंदींच्या योजनेशी, जोडायची वेळ आली की हेच उपयोगी पडतं.

लहान मुलांची औषधं वेगळी काढून, शांत डोक्याने, दोघांनी मिळून भरा. कारण सांगते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स साधारण एका मिलीला १०० मिलिग्रॅम, साधं सिरप ५ मिलीला १२५, आणि डीएस म्हणतात ते ५ मिलीला २५०. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर १२० मिलिग्रॅम झाले, म्हणजे ड्रॉप्स १.२ मिली, साधं सिरप ४.८ मिली, डीएस २.४ मिली. आता ऑर्डर नुसती "पॅरासिटामॉल ५ मिली" अशी टाकता आली आणि सिस्टरच्या हातात ड्रॉप्सची बाटली आली तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम. यावर अलर्ट लावू नका, आधी ऑर्डर मिलिग्रॅममध्येच टाकायची सक्ती करा आणि मिली किती ते सिस्टीमला काढू द्या.

अजून एक, स्टोअर दर आठवड्याला नवा ब्रँड घेतं कारण औषध कंपनीच्या एमआरने स्कीम दिली. त्यामुळे साफ केलेली यादी दोन महिन्यांत परत उकिरडा. आमचा नियम आता असा की फार्मासिस्टने घटक भरून टिक केल्याशिवाय नवी नोंद डॉक्टरला दिसतच नाही. परचेसवाल्यांशी भांडण झालं यावरून, होऊ दे.

पेशंटची माहिती

वजन नसेल तर डोस तपासणार कशाच्या जिवावर? मुलांच्या वॉर्डात वजन टाकल्याशिवाय ऑर्डरचं पानच उघडू देऊ नका, पण इमर्जन्सीत अंदाजे वजन चालेल असा पर्याय ठेवा आणि ते अंदाजे आहे हे स्क्रीनवर दिसू द्या. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, लॅबमधून आपोआप यायला हवा, आणि सोबत तारीखही, सहा महिन्यांपूर्वीच्या क्रिएटिनिनवर आजचा डोस ठरवणं म्हणजे जुन्या पंचांगात मुहूर्त बघणं.

ऍलर्जीचं जरा सावकाश सांगते. आपल्याकडे पेशंट "ऍलर्जी" हा शब्द स्वतःहून वापरत नाही, आणि "ऍलर्जी आहे का" विचारलं की नाही म्हणून मोकळा होतो. दिंडोरीहून आलेल्या आजींना विचारायचं तर असं विचारा, "आजी, कुठली गोळी, इंजेक्शन कधी बाधलंय का? अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, दम लागला असं?" मग त्या सांगतात. आणि "ती गोळी मला मानवत नाही" म्हणजे प्रत्येक वेळी ऍलर्जी नसते, पोटात जळजळलं असेल, मळमळलं असेल. ते वेगळ्या रकान्यात जाऊ दे. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं की अर्ध्या पेशंटना डायक्लोफिनॅकची ऍलर्जी दिसते आणि परत तेच, एंटर एंटर. आणि "ऍलर्जी नाही" व "विचारलंच नाही" यात फरक ठेवा, मोकळा रकाना म्हणजे नाही असं सिस्टीमने गृहीत धरलं तर घात झाला म्हणून समजा.

आता तरी पॉपअप? थांबा अजून

सगळ्यात चांगली मदत ती की जी मदत म्हणून जाणवतच नाही. मेथोट्रेक्सेट संधिवाताला आठवड्यातून एकदा असतं, ते चुकून रोज दिलं तर माणूस जातो. इथे पॉपअप कशाला, त्या गोळीची ऑर्डर उघडली की "आठवड्यातून एकदा" आणि वार निवडा एवढंच दिसू दे, "रोज" हा पर्यायच यादीत नको. कॅन्सरच्या काही उपचारांत रोज लागतं, त्यांच्यासाठी वेगळा मार्ग, वेगळ्या डॉक्टरांच्या लॉगिनला.

दुसरी गोष्ट ऑर्डर सेट, म्हणजे एका आजाराच्या नेहमीच्या ऑर्डरी एकत्र बांधलेल्या. इथे आपल्या भागाचा विचार करा, परदेशी सॉफ्टवेअरमध्ये आलेले सेट तसेच्या तसे घेऊन उपयोग नाही. पावसाळा लागला की डेंग्यू, तर डेंग्यूच्या सेटमध्ये तापाला फक्त पॅरासिटामॉल ठेवायचं, डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेन ठेवायचंच नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ते सेटमध्ये नसलं की दहातले आठ जण शोधायला जात नाहीत, हा माझा वॉर्डातला अंदाज.

आणि आपल्याकडचे दोन पेशंट असे आहेत की ज्यांच्यासाठी नेहमीचे डोसचे नियम उलटे पडतात, हे नव्या माणसाने नीट वाचा. एक, विषबाधा. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यातून, दिंडोरीतून फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट येतात, ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर ऍट्रोपिन द्यावं लागतं आणि ते थोडंथोडकं नाही, छातीतला स्राव सुकेपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जातात. तुम्ही ऍट्रोपिनला पुस्तकातला साधा कमाल डोस लावून ठेवला तर बरोबर त्या वेळी, जेव्हा एकेक मिनिट महाग आहे, सिस्टीम डॉक्टरच्या अंगावर लाल अलर्ट फेकत बसेल. निदान विषबाधेचं असेल तर तो नियम बंद, सरळ. दुसरा, साप. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून भातलावणीच्या दिवसांत येतात. सर्पदंशाची लस म्हणजे अँटी स्नेक व्हेनम लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच देतात, सुरुवातीला ८ ते १० व्हायल, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. मुलांच्या वॉर्डाला सरसकट "वजनावर डोस" लावलात तर सिस्टीम इथे डोस कमी करायला सांगेल आणि एखादा नवखा डॉक्टर ऐकेलही.

पहिले दहा नियम

एवढं झाल्यावर पॉपअप. दहाच. व्हेंडर म्हणेल आमच्या डेटाबेसमध्ये हजारो इंटरॅक्शन (एकमेकांना बाधणाऱ्या औषधांच्या जोड्या) आहेत, सगळ्या चालू करून देतो. नको म्हणा. कागदावर तीन थर काढा: काहीही झालं तरी अडवायचं, कारण विचारून जाऊ द्यायचं, आणि नुसतं बाजूला बारीक अक्षरात दाखवायचं. पहिल्या थरात अगदी मोजकं, जसं की पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून एकदम, किंवा २८ दिवसांच्या आतल्या बाळाला सेफ्ट्रिएक्सोन हे अँटिबायोटिक आणि शिरेतून कॅल्शियम दोन्ही. दुसऱ्या थरात घटकाची ऍलर्जी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाणारं पॅरासिटामॉल, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली असताना मधुमेहाचं मेटफॉर्मिन, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसोबत कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक अशा गोष्टी. यादी तुमच्या फार्मसी कमिटीने सही करून ठरवायची, मी दिली म्हणून नाही.

पूर्ण अडवण्याचा मोह आवरा. ही वॉरफरिन-कोट्रायमोक्साझोलची जोडी मी मुद्दाम दुसऱ्या थरात टाकली, कारण अमेरिकेत नेमकी तीच जवळपास पूर्ण अडवून बघितली होती, २०१० मध्ये ते छापून आलं. अलर्टचा परिणाम जबरदस्त, डॉक्टरांनी ऑर्डरी बदलल्या, पण चार पेशंटना गरजेचं औषध उशिरा मिळालं म्हणून अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला.

मजकूर मराठीत लिहायचा की इंग्रजीत यावर आमच्याकडे दोन मीटिंगा झाल्या, शेवटी साधं इंग्रजी ठरलं. भाषेपेक्षा महत्त्वाचं ते की त्यात आकडा असावा आणि पुढे काय करायचं ते असावं. "इंटरॅक्शन आढळली, तीव्रता मध्यम, पुढे जायचं?" हा बिनकामाचा मजकूर. "ईजीएफआर २४ आहे, काल सकाळचा. मेटफॉर्मिन बंद करायचं?" आणि खाली दोन बटणं, बंद करा आणि कारण लिहून चालू ठेवा, हा कामाचा. कारणाच्या यादीत "इतर" सगळ्यात खाली टाका नाहीतर सगळे तेच निवडतात. आणि लाल रंग फक्त पहिल्या थराला.

सगळे अलर्ट एकसारखे दिसले की काय होतं त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१३ मध्ये यूसीएसएफ हॉस्पिटलात ३८.६ किलो वजनाच्या सोळा वर्षांच्या मुलाला कोट्रायमोक्साझोलची एक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. डॉक्टरने १६० टाकले पण एकक होतं मिलिग्रॅम प्रति किलो. सिस्टीमने इमानदारीत गुणाकार केला, साडेअडतीस गोळ्या. अलर्ट डॉक्टरलाही आला, फार्मासिस्टलाही आला, दोघांनी रोजच्यासारखा पुढे ढकलला, रोबोटने गोळ्या भरल्या, नर्सने दिल्या. मुलाला फिट आली, वाचला. आपल्याकडे रोबोट नाही, इतक्या गोळ्या बघून आपली सिस्टर फोन करेल असं मला वाटतं, पण या वाटण्यावर सिस्टीम बांधता येत नाही. एका वेळी चार-पाचपेक्षा जास्त गोळ्या निघत असतील तर फार्मसीत ऑर्डर थांबते, हा नियम आम्ही यावरूनच घेतला.

मुक्याने चालवा, मग बोलतं करा

नियम लिहिला की लगेच डॉक्टरला दाखवू नका. तीन-चार आठवडे मागे गुपचूप चालू ठेवा, कुठे कुठे टोकलं असतं त्याची नोंद होऊ दे, आणि रोज संध्याकाळी चहा घेत ती नोंद केस पेपरशी ताडून बघा. आमचा डबल पॅरासिटामॉलचा नियम पहिल्या आठवड्यात इतका पेटला की मी घाबरले, नंतर कळलं इंजेक्शन बंद करून गोळी सुरू केली तरी जुनी ऑर्डर रात्री बारापर्यंत चालूच दिसते. नियम बरोबर होता, ऑर्डर बंद करायची पद्धत चुकीची. हे डॉक्टरसमोर घडलं असतं तर पहिल्याच दिवशी आमची अब्रू गेली असती.

टेस्टिंगला खोटे पेशंट बनवा, आणि अलर्ट यायलाच हवा तसे बनवता तेवढेच अलर्ट येताच कामा नये असेही बनवा. हे पेशंट जपून ठेवा, व्हेंडरने अपडेट टाकला, लॅबने मशीन बदललं, की परत त्यांच्यावर चालवा. अलर्ट मेला तर कोणाला कळत नाही हो, शांतता सगळ्यांना आवडते. वर ज्या ब्रिगहॅमचं नाव घेतलं तिथेच अमिओडॅरोन या हृदयाच्या ठोक्यांच्या औषधावर असलेल्या पेशंटची थायरॉइड तपासणी करा असं सांगणारा नियम होता, २००९ मध्ये औषधाचा आतला कोड बदलला, नियमात कोणी बदलला नाही, आणि नव्याने औषध सुरू झालेल्यांसाठी तो अलर्ट वर्षानुवर्षं येतच नव्हता. म्हणून प्रत्येक नियमाला एक मालक, एक तारीख, आणि महिन्याला किती वेळा पेटला तो आकडा. आकडा अचानक शून्य झाला तर आनंद मानू नका, फोन उचला.

चालू करायचा दिवस

एकच वॉर्ड घ्या, सोमवार टाळा, आणि इमर्जन्सी व आयसीयू शेवटी. पिट्सबर्गच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात घाईने सगळीकडे चालू केलं होतं, पेशंट पोचून नोंद होईपर्यंत ऑर्डर टाकता येत नव्हती, औषधं मध्यवर्ती फार्मसीतून यायला लागली, आणि बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेलेलं २००५ मध्ये छापून आलं. तेच सॉफ्टवेअर सिएटलला ऑर्डर सेट आधी तयार ठेवून बसवलं तर अशी वाढ दिसली नाही. तेव्हा पेशंट जीवघेण्या अवस्थेत असताना तोंडी ऑर्डर चालेल हे आधीच लेखी ठरवा, सिस्टर ती नंतर टाकेल, डॉक्टर सही करेल.

पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः वॉर्डात, रात्रपाळीलाही. कोणी अलर्ट ओलांडला म्हणून त्याला बोलावून झापायचं नाही, एकदा झापलं की सगळे कारणात "सरांनी सांगितलं" लिहायला लागतात आणि तुमची नोंद कायमची खोटी होते. महिन्याला एक मीटिंग, त्यात नवा नियम मागणाऱ्याने आधी एक जुना बंद करायला सुचवायचा. आमचे दहाचे चौदा झाले दोन वर्षांत, तीन बंदही केले.

राहता राहिली वीज. महावितरणचं मेंटेनन्स, जनरेटर, नेट जाणं, हे होणारच. प्रत्येक वॉर्डात छापील ऑर्डर फॉर्मचा गठ्ठा ठेवा, त्यावर वजन आणि ऍलर्जीचा रकाना सगळ्यात वर, आणि दर चार तासांनी चालू औषधांची यादी एका साध्या कॉम्प्युटरवर उतरून राहील अशी सोय करा, प्रिंटरसकट यूपीएसवर. सिस्टीम परत आली की कागदावरच्या ऑर्डरी चढवताना "आधीच दिलं" असा वेगळा मार्ग हवा, नाहीतर संध्याकाळी सात वाजता सकाळच्या डोसचे अलर्ट येतात आणि नव्या सिस्टरला वाटतं डोस अजून द्यायचाय.